न उघडणाऱ्या पल्ल्याची जबाबदारी



एप्रिल आणि मे हे दोन महिने सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक खिडकीची परीक्षा घेतात. दुपारी पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो, चारच्या सुमारास आभाळ भरून येतं आणि वळवाच्या सरीआधी धुळीचं वादळ सुटतं. आपण कारागिरांनी वर्षभर केलेल्या कामाचा निकाल त्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो. उघडझाप होणाऱ्या पल्ल्याची कडी निघाली, बिजागरी ढिली झाली की ते लगेच दिसतं आणि मालकाचा फोन येतो. फिक्स पल्ल्याकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. तो उघडत नाही, म्हणजे त्याला काही होणार नाही, अशी मालकाची समजूत असते, बिल्डरची असते आणि आपल्यातल्या पुष्कळ जणांचीही असते. हे संपादकीय त्या पल्ल्यासाठी आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. फिक्स पल्ला चौकटीत धरून ठेवायचं काम स्क्रू, पॅकर आणि दाबपट्टी यांचं आहे. सिलिकॉनचं काम पाणी, हवा आणि धूळ अडवण्याचं. आणि बसवलेला पल्ला पुढे कधीही काच न फोडता काढता आला पाहिजे.

फिक्स पल्ल्याची मागणी वाढते आहे, हे तुम्ही रोज पाहता. धूळ नको, एसीचा गारवा बाहेर जायला नको, सोलापूर शहराच्या पूर्व भागात शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट नको, लहान मुलं वाकायला नकोत, अशी कारणं लोक सांगतात आणि ती रास्त आहेत. तीन भागांच्या खिडकीत मधला भाग फिक्स, जिन्याच्या उंच खिडकीत वरचा भाग फिक्स, हे आता नेहमीचं झालं आहे. काम वाढलं तशी घाईही वाढली. पल्ला चौकटीच्या खाचेत टेकवायचा, दोन-चार ठिकाणी लाकडाची चिपळी ठोकायची, भोवती सिलिकॉनची बंदूक फिरवायची आणि पुढच्या खिडकीकडे वळायचं, असं काम सर्रास चालू आहे. संध्याकाळी ते सुबक दिसतं. अशा पल्ल्याभोवती दोन उन्हाळ्यांनंतर पातं फिरवून बघा. आत एकही स्क्रू नसेल तर अख्खा पल्ला हातात येतो. तुमच्या हातात येतो तो वाऱ्याच्या हातातही जाऊ शकतो.

वाऱ्याचा हिशेब एकदा कागदावर मांडू. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईसाठी ४४. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो. पुण्याचे ३९ धरले तर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलोच्या आसपास. चार फूट बाय चार फूट पल्ल्याचं क्षेत्र जवळपास दीड चौरस मीटर. त्यावर जोर पडतो सुमारे १३८ किलोचा, आणि हा आकडा इमारतीची उंची, भोवतालची मोकळी जागा आणि आकार यांचे गुणक लावण्याआधीचा आहे. त्याच पल्ल्यातल्या ५ मिलिमीटर काचेचं वजन भरतं साडेअठरा किलो. पल्ला उचलताना वजन हाताला जाणवतं, म्हणून आपण वजनाचाच विचार करतो. चौकटीला पेलावा लागणारा खरा भार त्याच्या कित्येक पट मोठा आणि आडवा असतो. तो नेहमी आतच ढकलतो असंही नाही. इमारतीच्या ज्या बाजूला वारा लागत नाही तिथे तो पल्ल्याला बाहेर ओढतो. बाहेरून नुसता टेकवलेला पल्ला ढकलला गेला तरी तग धरेल, पण ओढला गेला तर त्याला धरायला काय आहे?

वादळ वर्षातून चार वेळा येतं, ऊन रोजचं. सोलापुरात हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत चौकटीच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, गडद रंगाच्या चौकटीत त्याहून जास्त. चार फुटांच्या लांबीत चाळीस अंशांना काच अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. अॅल्युमिनियम एक मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं आणि यूपीव्हीसी साडेतीनच्या जवळ जातं. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते. पल्ला चौकटीत घट्ट ठोकून बसवला असेल तर यूपीव्हीसीची उभी पट्टी धनुष्यासारखी वाकते, नाहीतर काचेचा कोपरा तडकतो. नुसत्या सिलिकॉनवर सोडला असेल तर धुळीवर चिकटलेलं सिलिकॉन आधी सुटतं. आपल्याकडची धूळ बारीक असते, चौकट ओल्या फडक्याने पुसली तरी खाचेत राहते. पूर्व भागात आणखी एक गोष्ट घडते. माग चालू असलेल्या शेडला किंवा त्याला लागून असलेल्या घराला अहोरात्र हादरे बसतात. तिथे कमी आवळलेला स्क्रू हळूहळू मागे येतो आणि काच पट्टीवर वाजायला लागते. काच वाजली की आणखी थोडं सिलिकॉन भरायचं, हा त्यावरचा इलाज नव्हे.

इथे कोणी विचारेल की मोठ्या शहरांत काचेच्या अख्ख्या इमारती सिलिकॉनवर उभ्या आहेत, त्यांचं काय? तिथे वापरतात ते स्ट्रक्चरल सिलिकॉन वेगळं असतं. सांध्याची रुंदी वाऱ्याच्या भारावरून काढलेली असते, पृष्ठभाग कारखान्यात साफ केलेला असतो आणि ते पुरतं पक्कं होईपर्यंत काच हलवत नाहीत. भर उन्हात शिडीवर उभं राहून तापलेल्या, धुळकट चौकटीवर ओढलेली रेघ त्या कामाची बरोबरी करू शकत नाही.

मग पल्ला बसवायचा कसा? पहिली तपासणी चौकटीची. ओळंबा आणि पाणसळ लावून बघा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं घ्या. ती जुळत नसतील तर पल्ल्याला हात लावू नका. वाकड्या चौकटीत सरळ पल्ला जबरदस्तीने बसवला की ताण काचेवर जातो. पल्ल्याचं माप चौकटीच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी थोडं कमी ठेवा: लाकडाला दोन-तीन मिलिमीटर, यूपीव्हीसीला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे.

नंतर पॅकर. खाली दोन, कोपऱ्यांपासून थोडे आत, पल्ल्याचं सगळं वजन त्यांच्यावर. बाजूला पॅकर असावेत ते जिथे स्क्रू येणार तिथेच. पॅकर नसलेल्या जागी स्क्रू आवळला की पट्टी चौकटीकडे ओढली जाते आणि मध्ये पोट येतं. पॅकर प्लास्टिकचे वापरा. लाकडाची चिपळी पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पुढच्या उन्हाळ्यात गळून पडते. पल्ल्यातल्या काचेखालीही असेच पॅकर हवेत. काच थेट धातूवर टेकता कामा नये.

आता स्क्रू. कोपऱ्यापासून १५० ते २०० मिलिमीटरवर पहिला आणि दोन स्क्रूंमध्ये ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. चार फुटांच्या पल्ल्याला म्हणजे एका बाजूला तीन. खालच्या बाजूला वरून भोक पाडू नका. तिथे पाणी साचतं आणि त्याच भोकातून चौकटीत उतरतं. उभ्या दोन बाजू आणि वरची बाजू मिळून नऊ स्क्रू झाले, की वर काढलेला १३८ किलोंचा जोर प्रत्येकी पंधरा किलोंवर येतो. चार कोपऱ्यांत चारच मारले तर तोच पस्तीसवर जातो आणि उभ्या पट्टीचा मधला भाग मोकळाच राहतो. पल्ल्यातलं भोक स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित मोठं हवं, म्हणजे आटे फक्त चौकटीत धरतात, पल्ला नीट ओढला जातो आणि उन्हात सरकायला जागाही मिळते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी स्क्रू गंजला की त्याचं डोकं झिजतं आणि पल्ला काढायची वेळ आली की कापावा लागतो.

दाबपट्टी शक्यतो आतून. बाहेरून लावलेली पट्टी चोराला पेचकसाने उचकटता येते, आणि वाऱ्याची ओढही थेट तिच्यावर पडते. पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, हे शेवटी पाणी ओतून बघा. सगळ्यात शेवटी सिलिकॉन. चौकट सिमेंटला किंवा धातूला लागून असेल तर न्यूट्रल सिलिकॉन वापरा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला गंजवतं आणि सिमेंटवर टिकत नाही. सांधा खोल असेल तर आत फोमची दोरी भरून वर पातळ थर द्या. तीन बाजूंनी चिकटलेलं सिलिकॉन ताणलं जात नाही, फाटतं.

लाकडाचं काम करणाऱ्या मित्रांसाठी एक जास्तीची सूचना. पल्ला चौकटीत जाण्याआधी त्याच्या चारही कडांना रंग किंवा वॉर्निश द्या, विशेषतः उभ्या पट्ट्यांच्या खालच्या टोकांना, जिथे लाकडाचे तंतू उघडे असतात. फिक्स पल्ल्याच्या त्या कडांना नंतर ब्रश पोहोचत नाही आणि सड तिथूनच चढते.

यातलं काहीही आम्ही नव्याने शोधलेलं नाही. लोखंडी खिडक्यांच्या काळात, अगदी गिरण्यांच्या शेडच्या उत्तरेकडे तोंड केलेल्या काचांनाही, लुकणाच्या खाली लोखंडी क्लिप किंवा खुंटी असायची. लुकण वाळून, भेगाळून गळून पडलं तरी काच जागेवर राहायची, कारण तिला क्लिपने धरलेलं असायचं. धातूच्या खिडक्या बसवण्याचं आयएस १०८१ हे मानक १९६० चं आहे, इमारतींतल्या काचकामाचं आयएस ३५४८ हे १९८८ चं. धरणारी वस्तू वेगळी आणि पाणी अडवणारी वेगळी, हे आपल्या आधीच्या पिढीला पक्कं ठाऊक होतं. बंदुकीत भरलेली नळी हाती आली आणि आपण दोन्ही कामं एकीवरच टाकून मोकळे झालो.

खिडकी उघडता आली पाहिजे आणि पल्ला काढता आला पाहिजे, हा आग्रह आम्ही दोन कारणांसाठी धरतो. पहिलं कारण जिवाचं आहे. १८ मे २०२५ रोजी सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा संबंध खिडक्यांशी जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या शहरात कारखाना आणि घर एकाच छपराखाली असणं नवं नाही, त्या शहरात खिडकी बसवणाऱ्याने त्या दिवसापासून एक नियम स्वतःला घालून घ्यावा. माणसं झोपतात किंवा काम करतात अशा खोलीतली एकुलती एक खिडकी फिक्स करायची नाही. मालकाने कितीही आग्रह धरला तरी नाही. निदान एक पल्ला आतून, चावीशिवाय, पूर्ण उघडणारा ठेवायचा. बाहेरून जाळी असेल तर तीही आतून उघडणारी हवी. त्यासाठी काम नाकारावं लागलं तर नाकारा.

दुसरं कारण खिशाचं, म्हणजे मालकाच्या खिशाचं. कुंभारीजवळच्या रे नगर वसाहतीतली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरावेचक आणि त्यांच्यासारख्याच कष्टकऱ्यांच्या ताब्यात आली. त्याआधी २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांना दहा हजार घरं मिळाली होती. अशा घरांत खिडक्या मोजक्याच असतात आणि दुरुस्तीला पैसे त्याहून मोजके. तिथली काच फुटली तर स्क्रू काढून, पट्टी उचलून, नवी काच घालून अर्ध्या तासात काम झालं पाहिजे. पल्ला सिलिकॉनने चौकटीला जखडलेला असेल तर काचेबरोबर पट्टी तुटते, पट्टीबरोबर गिलावा निघतो, आणि काचेच्या किमतीत होणारं काम गवंड्यापर्यंत जातं. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईकडून तो खर्च आपल्या घाईमुळे वसूल व्हावा, हे आपल्याला शोभत नाही.

दराची अडचण आम्हाला माहीत आहे. चौरस फुटाचा भाव ठरलेला असतो आणि शेजारचा कारागीर पाच रुपये कमी सांगून काम घेऊन जातो. पण नऊ स्टेनलेस स्क्रू आणि डझनभर पॅकर यांचा खर्च त्या पल्ल्यातल्या काचेच्या किमतीपुढे किरकोळ असतो. खरी किंमत आहे ती जास्तीच्या वीस मिनिटांची. ती वीस मिनिटं मागून घ्यायला शिकलं पाहिजे, आणि त्यासाठी ती कागदावर दिसली पाहिजेत. म्हणून प्रत्येक कोटेशनमध्ये फिक्स पल्ल्यापुढे चार गोष्टी लिहा: स्क्रूची संख्या आणि धातू, पॅकरच्या जागा, दाबपट्टी आतून की बाहेरून, आणि पल्ला काढायची पद्धत. काम झाल्यावर सिलिकॉन भरण्याआधीचा फोटो मालकाला पाठवा. वास्तुविशारदांना आमची विनंती आहे की त्यांनी नकाशात नुसतं 'फिक्स' लिहून थांबू नये, पकड कशी आहे त्याचा छेदही काढावा. आणि आयटीआयमधून सुतारकाम किंवा फॅब्रिकेशन शिकून आलेला मुलगा तुमच्या हाताखाली आला, तर त्याच्या हाती सिलिकॉनची बंदूक सगळ्यात शेवटी द्या. आधी त्याला पल्ला असा बसवायला शिकवा, की सिलिकॉन न लावताही तो हलणार नाही.