मोबाईल सापडतो, मग लॅपटॉप का नाही?

चोरीला गेलेले मोबाईल शोधून मालकांना परत केल्याच्या बातम्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून अधूनमधून येत असतात. टेबलावर ओळीने मांडलेले हँडसेट, मागे पोलिस अधिकारी, पुढे समाधानी मालक. लॅपटॉप मात्र त्या टेबलावर अभावानेच असतो. कराड किंवा सांगलीत खोली घेऊन शिकणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप गेला, की वर्षभराचा प्रोजेक्टही त्याच्यासोबत जातो. दोष दरवेळी तपासाच्या ढिलाईचा नसतो. मोबाईलसाठी देशात नोंदवही आहे, लॅपटॉपसाठी नाही.

मोबाईल हाती कसा लागतो?

प्रत्येक हँडसेटला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत पथदर्शी स्वरूपात आणि मे २०२३ पासून देशभर सुरू केलेल्या ‘सीईआयआर’ नोंदवहीत चोरीचा क्रमांक टाकला, की तो ब्लॉक होतो आणि त्यात कोणी सिम घातले तर माहिती मिळते. फोन वापरायचा तर टॉवरशी संपर्क आलाच. चोर तिथेच अडकतो.

सिमची सोय नसलेल्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो आणि टॉवरशी त्याचे देणेघेणेही नसते. मग अनेकांची भिस्त ‘मॅक अ‍ॅड्रेस’वर असते. हा नेटवर्क कार्डाचा क्रमांक खरा, पण तो वायफाय राऊटरच्या पलीकडे जात नाही. चोरीचा लॅपटॉप विट्यातल्या एखाद्या घरात वायफायला जोडला, तर हा क्रमांक त्या घरातल्या राऊटरलाच कळतो, साताऱ्यात बसलेल्या तपास अधिकाऱ्याला नव्हे. कॉलेजच्या आवारातील वायफायच्या नोंदी तपासताना त्याचा उपयोग होऊ शकतो, तेवढाच.

जास्त कामाचा आहे तो आयपी पत्ता. लॅपटॉपवर मालकाचे गुगल किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते उघडे राहिले असेल आणि चोराने इंटरनेट जोडले, तर खात्याच्या सुरक्षा पानावर ती हालचाल दिसू शकते. पण घाबरलेला मालक आधी पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट होतो. बँकेचे व्यवहार त्याच खात्याशी जोडलेले असल्याने हे करायलाच हवे. फक्त त्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. वेळेसह मिळालेला आयपी पोलिसांच्या हाती द्यावा. अंदाजे ठिकाण दिसले म्हणून स्वतः तिथे जाऊन थडकणे धोक्याचे.

आयपीमागचा ग्राहक कोण, हे इंटरनेट कंपनीच सांगू शकते आणि ती माहिती तिच्याकडून मागवायची पोलिसांनी. त्यातही एक अडचण आहे. पत्ते कमी पडत असल्याने कंपन्या एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. सेकंदापर्यंत अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक नसेल, तर हाती एकाऐवजी अनेक नावे येतात. शिवाय हा माग अल्पजीवी असतो. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकले, की मालकाचे खाते पुसले जाते.

पुसला जात नाही तो सीरियल नंबर

लॅपटॉपच्या तळाशी स्टिकरवर असतो तो क्रमांक. स्टिकर खरवडले, हार्डडिस्क बदलली, तरी मदरबोर्डच्या बायोसमध्ये तो बहुधा राहतोच. तो बदलता येतो, पण ते प्रत्येक भुरट्या चोराचे काम नव्हे. प्रश्न इतकाच, की हा क्रमांक पडताळायचा कशाशी? फिर्यादीत ‘काळ्या रंगाचा लॅपटॉप, चार्जरसह’ एवढेच असेल, तर मुद्देमाल हस्तगत होऊनही मालकी सिद्ध करताना ओढाताण होते. शाळांच्या संगणक कक्षात तर हा प्रश्न आणखी मोठा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘संगणक संच, नग ५’ एवढीच नोंद असेल, तर सापडलेले पाच संच याच शाळेचे, हे ठरवायचे कशावरून?

मोबाईल ब्लॉक झालेला आहे का, हे १४४२२ वर एसएमएस पाठवून कोणालाही तपासता येते. लॅपटॉप टॉवरवरून अडवता येणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण विकत घेणाऱ्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला पडताळणीची सोय देण्यासाठी टॉवर लागत नाही. केंद्र करेल तेव्हा करेल. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पोलिसांच्या कोल्हापूर परिक्षेत्रात येतात. चोरीच्या सीरियल नंबरांची सामाईक यादी या परिक्षेत्रापुरती आजही करता येईल. मिरज, कराडच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानदारांनी विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि हा क्रमांक लिहून ठेवला, तर त्यांचाच बचाव होईल. चोरीचे आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असूनही संगणक घेणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ब नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

शाळांना तर कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीचे कुलूप लागण्याआधी एका शिक्षकाने एक दुपार काढून प्रत्येक सीपीयूवरचा क्रमांक रजिस्टरमध्ये उतरवावा आणि त्या पानाचा फोटो केंद्रप्रमुखांकडे पाठवून ठेवावा.