कंचेभागुबेवचा घोटाळा

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना झोपेतून उठवून विचारलं तरी ‘कंचेभागुबेव’ म्हणून दाखवतील. घोटाळा या मंत्रातच आहे.

अ = 10, ब = 4, क = 3 असताना अ − ब + क ची किंमत किती? मंत्राला जागणारं मूल आधी 4 आणि 3 ची बेरीज करतं नि उत्तर लिहितं 3. बरोबर उत्तर 9. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर बसतात. डावीकडून जी आधी येईल ती आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. हे शेपूट मंत्राला जोडायचं राहून जातं, आणि मुलाचे गुण जातात.

2019 मध्ये 8 ÷ 2(2 + 2) वरून समाजमाध्यमांवर जुंपली होती: 16 की 1? शाळेच्या नियमाने 16. पण कंसाला चिकटलेला 2 आधी गुणावा, असं मानणाऱ्यांचं 1. खरा दोष मांडणाऱ्याचा. आणखी एक कंस घालायला काय जात होतं? वर्गात पाठांतराऐवजी ही कंस घालण्याची सवय लावायला हवी, कारण यंत्रांचंही एकमत नाही. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर 2 + 3 × 4 चे बहुधा 20 करतो, सायंटिफिक 14. एक्सेलमध्ये =−3^2 चं उत्तर 9 येतं; वहीत मात्र −9.