विश्लेषण : मोठे इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद? अमेरिकेतल्या डिझेल ट्रकचं गणित कायद्यापर्यंत कसं पोहोचतं?

जड ट्रेलर ओढण्यासाठी किंवा निव्वळ हौसेपोटी डिझेल पिकअप ट्रकची ताकद वाढवणं हा अमेरिकेत मोठा छंद आहे आणि मोठा धंदाही. त्यासाठी बाजारात ‘50 हॉर्सपॉवर जादा’, ‘100 हॉर्सपॉवर जादा’ असे आकडे सांगून इंजेक्टर विकले जातात. पण निवड चुकली, तर इंजिन खराब होतंच आणि मालक कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो.

इंजेक्टर नेमकं काय करतो?

इंजेक्टरच्या टोकाला आपल्याकडचे मेकॅनिक ‘नोझल’ म्हणतात. त्याच्या बारीक छिद्रांतून प्रचंड दाबानं डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये जातो.

6 सिलिंडरचं, 400 हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला 2,800 फेरे घेतंय असं समजा. ढोबळ हिशेबानं प्रत्येक फवाऱ्यात सुमारे 155 घन मिलिमीटर डिझेल लागतं. 500 हॉर्सपॉवर हवी असेल, तर हा आकडा 195च्या आसपास जातो. पण नीट जळण्यासाठी हे डिझेल जेमतेम दीड मिलिसेकंदात आत जायला हवं.

निव्वळ दाब वाढवून हे साधायचं, तर दाब दीडपटीहून जास्त करावा लागेल. मूळ पंपाला तो सहसा झेपत नाही. फवारा लांबवला, तर उशिरा जळणारं डिझेल एक्झॉस्ट तापवतं. म्हणून मोठ्या छिद्रांचे इंजेक्टर निवडले जातात.

मग अडचण कुठे येते?

हवेत. 1 किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. धूर टाळायचा, तर त्याहून बरीच जास्त. टर्बो तेवढी हवा देत नसेल, तर जादा डिझेलची ताकद होत नाही, काजळी आणि उष्णता होते. उष्णतेनं पिस्टन आणि टर्बो धोक्यात येतात.

म्हणजे ‘100 हॉर्सपॉवर जादा’ हा आकडा एकट्या इंजेक्टरचा नसतो. पंप, टर्बो आणि इंजिनाचं सॉफ्टवेअर जुळलं, तरच तो खरा ठरतो.

यात कायदा कुठून आला?

नव्या डिझेल ट्रकमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी वाढली की तो लवकर तुंबतो. मग काही जण फिल्टरच काढून टाकतात आणि सॉफ्टवेअर बदलून ते लपवतात. अमेरिकेच्या ‘क्लीन एअर ॲक्ट’नुसार हे बेकायदा आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या 2020च्या अंदाजानुसार, दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढली गेली. या गाड्यांच्या आयुष्यभरात त्यातून 5 लाख 70 हजार टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल, असं संस्थेनं म्हटलं होतं. श्वसनाच्या विकारांशी संबंध असलेला हा वायू आहे.

कारवाई फक्त गॅरेजवाल्यांवर होते असंही नाही. पुण्यातही मोठा पसारा असलेल्या कमिन्सनं, रॅम पिकअपच्या इंजिनांमध्ये प्रदूषण नियंत्रणाला बगल देणारी उपकरणं वापरल्याच्या आरोपावरून 167.5 कोटी डॉलरचा दंड भरायची तयारी दाखवली. ही तडजोड जानेवारी 2024 मध्ये मांडली गेली.

आता नियम सैल झाले आहेत का?

ऑगस्ट 2025 मध्ये ईपीएनं डीईएफबाबत कंपन्यांना नवी सूचना केली. डीईएफ म्हणजे एक्झॉस्ट शुद्ध करायला लागणारा युरियाचा द्रव. तो संपला किंवा त्याच्या यंत्रणेत बिघाड झाला की गाडीची ताकद अचानक कमी होते. तसं होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर बदलावं, असं ही सूचना सांगते. भर कामात गाडी अडकणाऱ्या शेतकऱ्यांची आणि ट्रकचालकांची ही जुनी तक्रार होती. मात्र यंत्रणा काढून टाकायला त्यातून परवानगी मिळालेली नाही.

निवडताना काय पाहायचं?

आधी काम ठरवायचं : ओझं ओढायचं की शर्यत? रोज ओझं ओढणाऱ्या ट्रकला मूळ मापाचे किंवा किंचितच मोठे इंजेक्टर पुरतात. सगळे इंजेक्टर एकसारखं डिझेल सोडतात का, याचा चाचणी अहवाल मागायचा. कॅलिफोर्नियात त्या सुट्या भागाला हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक आहे का, हेही पाहायचं.

आणि एक सोपी कसोटी : इंजेक्टर बसवण्यासाठी फिल्टर काढावा लागेल, असं विक्रेता म्हणत असेल, तर तो इंजेक्टर त्या ट्रकसाठी नाहीच.