अग्रस्थान कागदावरच

रोमन कॅथॉलिक उपासनेत ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान मिळावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाच्या ११६ व्या कलमात नमूद आहे. मात्र त्यास ‘अन्य बाबी समान असल्यास’ अशी पुस्ती जोडलेली आहे. अन्य बाबी कधीच समान नसतात, हे कोणत्याही कचेरीतील कारकुनास ठाऊक असते. या पुस्तीच्या आडोशाने पुढील काही वर्षांत हे गायन बहुतेक गावांच्या चर्चमधून जवळजवळ हद्दपार झाले.

या गायनाला वाद्याची साथ लागत नाही, तालाचे आवर्तन नसते. सर्व कंठांतून एकच सुरावट निघते आणि तिची लय लॅटिन शब्दांच्या उच्चारावरून ठरते. पोप पहिले ग्रेगरी (५९०–६०४) यांनी ते रचले, ही दंतकथाच होय. मध्यंतरीच्या शतकांत त्याची बरीच मोडतोड झाली. फ्रान्समधील सोलेमच्या बेनेडिक्टाइन मठवासीयांनी एकोणिसाव्या शतकात जुनी हस्तलिखिते ताडून पाहून ते पुन्हा उभे केले. चर्चमध्ये तेव्हा ऑपेराच्या धाटणीचे संगीत शिरले होते. त्यावर उतारा म्हणून पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये ग्रेगोरियन गायन हाच चर्चसंगीताचा आदर्श ठरविला.

न कळणाऱ्या भाषेत देवाला आळवावे कसे, हा लोकभाषेच्या कैवाऱ्यांचा सवाल रास्त आहे. ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्राला तो पटवून द्यावयास नको. वसईच्या कॅथॉलिकांना मराठीतून मिस्सा मिळाली, हा लाभच झाला. परंतु लॅटिनबरोबर गायनाची रीतही टाकण्याचे कारण नव्हते. सुराने शब्दामागे चालावे, ही रीत कोणत्या भाषेला परकी आहे? उलटपक्षी, लॅटिनचे अभिमानी हे गायन निवडक गायकवृंदाच्या स्वाधीन करू पाहतात, तेही चूकच. दहाव्या पायस यांना लोकांनी गावे असे वाटत होते, केवळ ऐकावे असे नव्हे. स्पेनमधील सिलोसच्या मठवासीयांच्या ध्वनिमुद्रणाच्या १९९४ मध्ये जगभर लाखो प्रती खपल्या. चर्चमधून उठलेले गायन दिवाणखान्यात जाऊन बसले. ज्यांनी ते विकत घेतले, त्यांपैकी किती जणांनी तोंड उघडले असेल?

सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये सोप्या पदांची एक लहानशी पुस्तिका सर्व बिशपांकडे धाडली होती. तीतील चार-दोन पदे कोणत्याही गावचे भाविक एका पावसाळ्यात शिकू शकतील. त्यासाठी शिकविणारा हवा, आणि तो परिषदेच्या कलमाने नेमला जात नाही. स्थानिक धर्मगुरूलाच शोधावा लागतो.