स्नायूंना सेवानिवृत्ती नसते!

"आई, आता तुम्ही काहीसुद्धा करायचे नाही. नुसते बसून राहायचे." सत्तरी गाठलेल्या सासूबाईंना सुना मोठ्या प्रेमाने असे सांगताना दिसतात. सेवानिवृत्त वडिलांच्या हातातली बाजाराची पिशवी मुलगा काढून घेतो. पाण्याचा तांब्या पलंगापाशी, जेवणाचे ताटही पलंगापाशी. चारचौघांत याचे कौतुक होते. यामागची माया खोटी नाही. परंतु अशा मायेनेच म्हाताऱ्या माणसाचे पाय जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी स्नायूंची ओळख करून घेऊ.

स्नायू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तालमीतल्या पैलवानाचा दंड उभा राहतो. प्रत्यक्षात शरीरात तीन प्रकारचे स्नायू असतात. पहिले हाडांना जोडलेले. त्यांची संख्या सहाशेहून अधिक आहे आणि प्रौढ पुरुषाच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. स्त्रियांत थोडा कमी. ते आपल्या इच्छेप्रमाणे चालतात म्हणून ऐच्छिक आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात म्हणून रेखित. दुसरा प्रकार जठर, आतडी, मूत्राशय, गर्भाशय व रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतला. याच्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, त्यांवर पट्टे नसतात. येथे आपला हुकूम चालत नाही. जेवण झाल्यावर घास पुढे ढकल, असे आतड्याला कोणी सांगत नाही. तिसरा प्रकार केवळ हृदयात. त्याला पट्टे आहेत, पण तोही इच्छेच्या ताब्यात नाही. त्याच्या पेशी फांद्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे आकुंचनाची लाट सरसर पसरते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात!

म्हणजे हृदय आणि आतडी यांना आपण सुट्टी देऊ म्हटले तरी देता येत नाही. बसवून ठेवता येतात ते फक्त पहिल्या प्रकारचे स्नायू. आणि नेमके त्यांनाच बसणे सोसत नाही.

याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. प्रत्येक तंतू ही एक लांबट पेशी असते आणि तिच्या आत अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे हे धागे एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. अँड्र्यू हक्सले व रॉल्फ नीडरगर्क, तसेच ह्यू हक्सले व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी १९५४ साली स्वतंत्रपणे हे दाखवून दिले. ही प्रथिने शरीर सतत मोडते आणि नव्याने बांधते. स्नायू वापरात असेल तर बांधणी होत राहते. वापर थांबला की मोडणी वरचढ ठरते.

वयाबरोबर स्नायू थोडेफार झिजतातच, साठीनंतर अधिक वेगाने. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला सार्कोपेनिया हे नाव सुचवले. वयाच्या झिजेत बसून राहण्याची भर पडली की काय होते? २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सरासरी सुमारे एक किलो मांस घटले. आपल्याकडे तापानंतर महिनाभर पडून राहणाऱ्या आजोबांचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

मांडीचे स्नायू गेले की जमिनीवरून उठता येत नाही, एस.टी.ची पायरी चढवत नाही, संडासात बसले की उठायला हात द्यावा लागतो. पोटरीचे स्नायू पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात; ते थंडावले की पाय सुजतात. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटाही स्नायूच उचलतात. त्यामुळे मधुमेह्याला तर बसून राहणे दुप्पट महाग पडते.

"पण पडले तर?" असे घरचे विचारतात. भीती रास्त आहे. मात्र दुबळ्या मांड्या हे पडण्याचे एक मोठे कारण आहे, हे विसरू नये. न्हाणीघर कोरडे ठेवा, रात्रीचा दिवा ठेवा, हातात काठी द्या. पण माणूस चालता ठेवा.

गेलेली ताकद परत येत नाही, हाही गैरसमजच. १९९० साली मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त व्यक्तींना देखरेखीखाली पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊजणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आपल्याला यंत्रांची गरज नाही. पक्क्या खुर्चीतून हात न टेकता उठावे, बसावे. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. भिंतीला हात लावून टाचा उचलाव्यात. देवळापर्यंत चालावे. जमत असेल त्या आजीला भाकरी थापू द्यावी, भाजी आणू द्यावी. ताटात वरण, उसळ, दूध, ताक, चालत असल्यास अंडे वा मासळी असावी; चहा-बिस्किटावर स्नायू बांधले जात नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. छातीत दुखणे, धाप, चक्कर किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तरीही आधी सल्ला घ्यावा.

आम्हा डॉक्टरांनाही एक सांगावेसे वाटते. "विश्रांती घ्या" एवढे बोलून आपली जबाबदारी संपत नाही. विश्रांती किती दिवस आणि उठायचे कोणत्या दिवशी, हेही चिठ्ठीवर लिहून द्यावे.

नोकरीतून माणूस अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होईल. त्याच्या पायांना मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कामावर ठेवावे. आईवर माया असेल तर उद्या तिच्या हातातली पिशवी काढून घेऊ नका. तिच्याबरोबर बाजारापर्यंत चालत जा.