जपानचं यादवी युद्ध गेममध्ये आहे, मग दख्खनचं का नाही? फोनवर मॉड बनवताना पडणारे प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदीखाली आले. टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं. कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलं. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी वेगळं धोरण मंजूर केलं.

दोन्ही बातम्यांवर भरपूर व्हिडिओ आले. त्यांत तुमच्या-माझ्यासाठी दोनच जागा दिसतात. एक, ज्याला व्यसनापासून वाचवायचं आहे असा खेळाडू. दुसरी, उद्या एखाद्या स्टुडिओत नोकरी करणारा कर्मचारी. पण लातूरला क्लास करणाऱ्या किंवा नांदेडला कॉलेजात असलेल्या, हातात फक्त फोन असलेल्या मुला-मुलींसाठी आजच एक तिसरी जागा मोकळी आहे. तिला मॉड म्हणतात.

मॉड म्हणजे नेमकं काय?

ट्रकचं चेसिस तेच ठेवून वर वेगळी बॉडी बांधतात, तसंच हे. तयार गेमचं इंजिन तेच ठेवायचं आणि नकाशा, सैन्य, नावं, नियम आपले घालायचे. हा प्रकार छोटा समजू नका. तुम्ही बीजीएमआय खेळता ना? तो पबजीतून आला, आणि पबजीचं मूळ ‘आर्मा’ नावाच्या युद्धगेमच्या मॉडमध्ये आहे. काउंटर-स्ट्राइकसुद्धा आधी हाफ-लाइफचा मॉड होता. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये इंडियन्स ही संस्कृती पहिल्यांदा आली ती २०१२ च्या ‘फरगॉटन एम्पायर्स’ या चाहत्यांच्या मॉडमधून. पुढच्याच वर्षी तो मॉड अधिकृत एक्स्पान्शन झाला. म्हणजे त्या गेमच्या मूळ कंपनीला तेरा वर्षांत जे सुचलं नाही, ते खेळणाऱ्यांनी केलं.

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेले काही महिने शनिवार-रविवारी मी ‘अनसिव्ह’ या गेमचा मॉड लिहितोय. विषय आहे दख्खनचं यादवी युद्ध. अनसिव्ह म्हणजे ‘सिव्हिलायझेशन ५’ या प्रसिद्ध गेमच्या धर्तीवर बनवलेला मोफत, ओपन सोर्स गेम. अँड्रॉइडवर चालतो, जुन्या फोनवरही चालतो, आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही. त्याचे सगळे नियम साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये आहेत. म्हणून मॉडसाठी कॉम्प्युटर हवाच असं नाही.

जपानने काय केलं?

यादवी युद्धाच्या स्ट्रॅटेजी गेमचा विषय निघाला की पहिलं नाव जपानचं येतं. १४६७ ते १४७७ असं ओनिनचं युद्ध झालं आणि शोगुनची सत्ता खिळखिळी झाली. पुढे शंभरेक वर्षं प्रांताप्रांतातले सरदार एकमेकांशी लढत राहिले. या काळाला सेंगोकु म्हणतात. त्यावरचा ‘नोबुनागाज ॲम्बिशन’ हा गेम कोएई या जपानी कंपनीने १९८३ मध्येच काढला. आपल्या इतिहासातलं धान्य, सोनं, प्रजेची निष्ठा, हे सगळं त्यांनी स्वतः आकड्यांत मांडलं. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीचा ‘शोगुन’ आला २००० मध्ये आणि ‘शोगुन २’ आला २०११ मध्ये. त्यातलं उत्पन्न ‘कोकु’मध्ये मोजतात. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. हे माप गेमसाठी शोधलेलं नाही, जपानची जमीन खरोखर त्यात मोजली जायची.

आता आपल्याकडे बघा. जपानमध्ये ओनिनचं युद्ध संपून चार वर्षं झाली होती, तेव्हा म्हणजे १४८१ मध्ये बीदरच्या बहमनी सुलतानाने आपल्याच कर्तबगार वजिराला, महमूद गवानला, एका बनावट पत्रावरून ठार मारलं. दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि इराण-तुर्कस्तानकडून आलेले, असे दोन गट आधीच भांडत होते. पुढच्याच वर्षी एक लहान मुलगा गादीवर आला. हळूहळू अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा वेगळे झाले. बीदरला सुलतान नावापुरता राहिला आणि सत्ता गेली कासीम बरीदकडे. त्याच्या ताब्यातले महत्त्वाचे किल्ले कोणते? कंधार, औसा, उदगीर.

‘शोगुन २’ ची मोहीम १५४५ मध्ये सुरू होते. साधारण त्याच काळात अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हेच तीन किल्ले बरीदशाहीकडून घेत होता. म्हणजे ज्या काळासाठी आपण जपानचे प्रांत पाठ करतो, त्या काळातला आपल्याकडचा नकाशा एसटीच्या एका तिकिटावर पाहता येतो.

मूळ गेममध्ये आपण कसे दिसतो?

अनसिव्हमध्ये जपान निवडला की राजा मिळतो ओदा नोबुनागा. खास गुण बुशिदो, म्हणजे तुकडी जखमी असली तरी पूर्ण ताकदीने लढते. खास सैनिक सामुराई. सगळं एकाच काळाला धरून.

भारत निवडला की राजे मिळतात महात्मा गांधी, सैन्यात युद्धाचा हत्ती आणि खास इमारत ‘मुघल फोर्ट’. तीन वेगवेगळे काळ एकाच थाळीत वाढलेले. यात कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. अख्ख्या जगाचा गेम करताना प्रत्येक देशाच्या वाट्याला चार ओळी येतात. पण त्याचा परिणाम बघा. बाबर पानिपतला जिंकला १५२६ मध्ये. त्याआधी कंधार, औसा, उदगीरचे किल्ले दख्खनच्या राजकारणात होतेच. गेममध्ये मात्र भारतातला किल्ला म्हणजे ‘मुघल’ किल्ला. लाखो पोरं हे न वाचताच शिकतात.

फक्त नावं बदलून भागत नाही

सोपा मॉड असा: जपानची फाइल कॉपी करा, नोबुनागाच्या जागी कासीम बरीद लिहा, सामुराईच्या जागी घोडेस्वार, झालं. असे मॉड पुष्कळ असतात. खेळताना दहा मिनिटांत कळतं की हा वेश बदललेला जपान आहे. दख्खन आणायचं तर नियम बदलावे लागतात. मला चार ठिकाणी ते बदलावे लागले.

पहिलं, निष्ठा. बुशिदो इथे लागू पडत नाही. मराठा घराणी निजामशाहीत होती, आदिलशाहीतही होती, आणि सरदार बाजू बदलत. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा. म्हणून माझ्या मॉडमध्ये शिलेदार उभा करायला स्वस्त आहे पण पोसायला महाग. तिजोरी आटली की सगळ्यात आधी तो परवडत नाही.

दुसरं, घोडा. चांगले लढाऊ घोडे अरबस्तान-इराणकडून दाभोळ, चौल, गोवा अशा बंदरांत उतरायचे. त्यामुळे नकाशावर घोड्यांचा साठा मी किनाऱ्याकडे ठेवलाय. बीदरच्या खेळाडूला समुद्र नाही. त्याला शेजाऱ्याशी व्यापार करावाच लागतो, आणि ज्याच्याशी लढायचं त्याच्याकडूनच घोडे घ्यायचे म्हटल्यावर प्रत्येक तह जपून करावा लागतो.

तिसरं, पाणी. कोकुचा हिशोब भाताच्या पाणथळ शेतावर चालतो. आपल्याकडे ज्वारी आणि भरवशाचा नसलेला पाऊस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलंय नाहीतर घरी ऐकलंय. दुर्गादेवीचा दुष्काळ तर बहमनी काळातला, लोकांच्या तोंडी शतकानुशतकं राहिलेला. म्हणून माझ्या मॉडमध्ये कोरड्या पट्ट्यातल्या शेताचं अन्न कमी धरलंय आणि तलाव ही इमारत महत्त्वाची केलीये. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे, त्यावरून ती सुचली. तलाव न बांधता सैन्य वाढवलं की शहर उपाशी राहतं.

चौथं आणि सगळ्यात अवघड: जिंकणं म्हणजे काय? ‘शोगुन २’ मध्ये क्योतो ताब्यात घेतल्याशिवाय मोहीम पूर्ण होत नाही. ते इतिहासाला धरून आहे, कारण जपान शेवटी एका हाताखाली आला. दख्खनमध्ये पाचांपैकी कुणीच बाकी चौघांना गिळू शकला नाही. ज्याच्याकडे बीदर आणि सुलतान होता, तो बरीद तर पाचांतल्या दुबळ्यांपैकी होता. अशा मॉडमध्ये ‘सगळ्यांना हरवा’ ही अट ठेवली तर आपण मुळातच खोटी गोष्ट सांगतो. मी ती अट काढली. ठरलेल्या वळीपर्यंत टिकायचं, गुण मोजायचे. खेळून पाहणाऱ्या एका मित्राने विचारलं, “मग यात मजा काय?” दोन डाव झाल्यावर त्याने स्वतःच विजापूरशी तह करून नगरला अडवलं. मजा तीच होती.

रंग कुणाचा कुठला?

गेममध्ये प्रत्येक पक्षाला एक रंग द्यावा लागतो. इथे रील संस्कृती आडवी येते. कमेंटमध्ये पहिली मागणी येते, दोनच बाजू करा आणि त्या धर्माने करा. खेळायला सोपं, शेअरला भारी. पण आपल्याच जमिनीवरचं उदाहरण घ्या. १७६० च्या सुरुवातीला उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. त्यात मराठ्यांच्या बाजूने तोफा चालवणारा होता इब्राहिमखान गारदी, जो त्याआधी निजामाच्याच नोकरीत होता. वर्षभरात तो पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि जिवानिशी गेला. दोन रंगांच्या गेममध्ये इब्राहिमखानाला उभं राहायला जागाच नाही. नियम लिहिणाऱ्याने जागा ठेवली नाही, तर खेळणाऱ्याला तो माणूस होता हेही कळत नाही.

पाठ्यपुस्तकातलं चुकीचं वाक्य कुणीतरी दाखवून देतं. गेममधला नियम माणूस शंभर वेळा खेळतो आणि त्याला खरं मानतो. मॉड बनवणाऱ्याची जबाबदारी इथे आहे, मग तो फोनवर बसून का बनवेना.

सुरुवात कुठून करायची?

अनसिव्हच्या मॉडमध्ये ‘जेसन्स’ नावाचा फोल्डर असतो. त्यात देश, सैन्य, इमारती यांच्या वेगवेगळ्या फाइल्स. एका सैनिकासाठी नाव, ताकद, चाल, किंमत एवढंच लिहायचं. देशाच्या फाइलमध्ये शहरांची यादी असते, तिच्यातलं पहिलं नाव राजधानी होतं. खास नियम ठरलेल्या इंग्रजी वाक्यांत लिहितात, चौकटी कंसात आकडा बदलायचा. एक स्वल्पविराम चुकला तरी फाइल अडू शकते, हे आधीच सांगून ठेवतो. फाइल्स गिटहबवर ठेवल्या आणि तिथे मॉडचा ठरलेला टॅग लावला की गेममधूनच कुणालाही तो उतरवता येतो. पहिल्या आठवड्यात एकच देश आणि एकच सैनिक करा. अख्खं दख्खन घ्यायला जाऊ नका.

माहितीसाठी रील्स नकोत, जिल्हा गॅझेटिअर बघा. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला, म्हणून लातूरचं जुनं गॅझेटिअर शोधताना उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवचं, उघडा. उदगीर तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं. चित्रं गूगलवरून उचलू नका, किल्ल्यावर जाऊन स्वतः फोटो काढा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. औशाच्या खंदकाचे चांगले फोटो कुणीतरी काढलेच पाहिजेत.

एका मॉडने नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही. हाताशी येतं ते एवढंच: डेटा नीट मांडणं, गिट वापरणं, आणि आपण लिहिलेला नियम दुसऱ्याने मोडल्यावर तो दुरुस्त करणं. मी पगार घेतो त्या कामातही रोज हेच असतं.

कायद्याचा निकाल कोर्टात लागेल, धोरणातले स्टुडिओ कधीतरी उभे राहतील. तोवर कंधारच्या किल्ल्याची तटबंदी किती, त्याच्या तलावाने किती तोंडं जगतात आणि तो पडायला किती वळी लागाव्यात, हे आकडे कुणीतरी भरणारच आहे. ते कंधारच्या पोरीने भरले, तर ती आधी तलावाला पाणी किती ते बघून येईल.