खेळाडू कसा सापडतो? आणि आपल्या रजिस्टरमधली १ जून



दरवर्षी २९ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनाला, मी परिपाठात एका खेळाडूची गोष्ट सांगते. मेजर ध्यानचंद झाले, खाशाबा जाधव झाले, कविता राऊत यांची गोष्ट तर दोनदा सांगून झाली. या वेळी टेनिसपटू ऋतुजा भोसले हिची गोष्ट निवडली. टेनिस म्हटल्याबरोबर चौथीतला एक जण उभा राहिला, "आम्ही रोज खेळतो मॅडम!" त्याच्या डोक्यात टेनिस बॉलचं क्रिकेट होतं. चूक त्याची नाही. खांडबाऱ्याच्या बाजारात टेनिस बॉल मिळतो, पण त्या बॉलचा मूळ खेळ माझ्या पाड्यावरच्या मुलांनी फक्त मोबाईलमध्ये पाहिलाय. मग फळ्यावर कोर्ट काढलं, मध्ये जाळी काढली आणि गोष्ट सांगितली. आपल्या महाराष्ट्राची मुलगी, अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली, तिथेच शिकली आणि पुढे ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकली. पहिला सेट २-६ असा हरल्यावर!

मला वाटलं होतं पदकावर टाळ्या पडतील. पण मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अमेरिकेच्या सरांना ती दिसली कशी?"

मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन शोधायला बसले. मी टेनिसची जाणकार नाही, डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे. पण जे हाती लागलं त्यात टेनिसपेक्षा आपल्याच शाळेचं जास्त काही सापडलं, म्हणून हे लिहिते आहे.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्यासारखं गॅदरिंगच्या आठवड्यातलं प्रकरण नसतं. विद्यापीठाचा संघ असतो, पगारी मुख्य प्रशिक्षक असतो, आणि संघ हरत राहिला तर त्याची नोकरी जाते. त्यामुळे तो खेळाडू जगभर शोधतो. तिथल्या वरच्या गटातल्या टेनिस संघांमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी असतात. त्यावरून तिकडे वादही आहे. आमच्या करातून चालणाऱ्या विद्यापीठात आमच्याच मुलांना जागा नाही, असं तिथले पालक म्हणतात. (पालक सगळीकडे सारखेच!) आपल्याकडून गेलेले बरेच आहेत. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात खेळला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा तिथला एकेरीचा आंतरविद्यापीठ विजेता झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला.

आता हे प्रशिक्षक शोधतात कसे? आधी मला वाटलं विमानाने फिरत असतील. फिरतातही, मोठ्या ज्युनियर स्पर्धांना जातात. पण त्याच्या कितीतरी आधी ते आकडे बघतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची ज्युनियर क्रमवारी असते. शिवाय 'यूटीआर' नावाचा एक आकडा असतो, १ पासून १६.५ पर्यंत. कुणाशी खेळलात, तो किती तगडा होता आणि किती गेम जिंकलात, यावरून तो निघतो. मुलगा-मुलगी, वय, देश काहीही असो, मोजपट्टी एकच. समजा एखादी मुलगी मोठ्या खेळाडूशी हरली पण चांगली झुंजली, तर हरूनही तिचा आकडा वाढू शकतो. हे मला फार आवडलं. आपल्या तालुका स्पर्धेत पहिला-दुसरा-तिसरा सोडून बाकीच्यांचं काहीच कुठे लिहिलं जात नाही.

आकडा जुळला की मग व्हिडिओ. नुसते भारी फटके कापून जोडलेले नाही, तर सलग खेळ. गुण गेल्यावर पोरगं काय करतं, रॅकेट आपटतं की पुढच्या सर्व्हिसला तयार होतं, ते त्यांना बघायचं असतं. समोरासमोर बघायला आले तर आई-बापाशी कसं बोलतं तेही बघतात. नंतर ओळखीपाळखी. संघातल्या जुन्या भारतीय खेळाडूला विचारतात, या मुलीला ओळखतोस का, कशी आहे. नियमही कडक आहेत. साधारण दहावीचं वय होईपर्यंत प्रशिक्षकाने स्वतःहून त्या मुलाशी भरतीबद्दल बोलायचं नाही. पण मुलाने पत्र पाठवायला हरकत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा पहिलं पत्र मुलाकडूनच जातं.

आणि शेवटी मार्कशीट. इथे मी जरा थबकले. वरच्या गटात खेळायचं तर नववी ते बारावीचे ठरावीक १६ विषय पूर्ण झालेले लागतात आणि त्यात किमान सरासरी गुण लागतात. म्हणजे नववीचे गुणसुद्धा मोजले जातात! आपल्याकडे खेळणाऱ्या पोराला आपणच सांगतो, 'नववी काय, ढकलून देऊ, दहावीला बघू.' ते ढकललेलं वर्ष तिकडे पुन्हा समोर येऊन उभं राहतं. शहरातल्या काही पालकांना हे ऐकून एजंट आठवतील, पैसे घेऊन 'स्कॉलरशिप मिळवून देतो' म्हणणारे. त्यांना एवढंच सांगेन की क्रमवारी सगळ्यांना दिसते, आणि प्रशिक्षकांचे ईमेल पत्ते विद्यापीठांच्या संकेतस्थळावर फुकट असतात.

सगळं वाचून माझं एक मत झालं. हे प्रशिक्षक खेळाडू शोधतच नाहीत. ज्याची नोंद आधीच झालेली आहे, त्यांच्यातून ते निवडतात. नोंद होते ती स्पर्धांमधून, आणि ज्युनियर टेनिसच्या स्पर्धा म्हणजे प्रवास, हॉटेल, कोच, रॅकेट, लाखांचा हिशोब. तेव्हा आमच्या पाड्यावरून कोणी टेक्सासला जाईल असलं स्वप्न मी वर्गात विकणार नाही. पण 'ती दिसली कशी' याचं खरं उत्तर मात्र मला मिळालं. तिच्याबद्दल आधी कुणीतरी, कुठेतरी, नीट लिहून ठेवलं होतं.

आता आपल्याकडे या. शाळेतल्या खेळाडूंना वर नेणारी वाट आपल्या राज्यातही आहे. क्रीडा प्रबोधिनी आहे, तिच्या निवासी प्रवेशासाठी चाचण्या होतात. उंची, वजन, ३० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, शटल रन, ८०० मीटर, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींना टेप आणि मोबाईलमधलं घड्याळ सोडून काही लागत नाही. आणि आदिवासी पाड्यावरची मुलगी वर जाऊ शकते याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच आहे. कविता राऊत त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या. नाशिकला विजेंदर सिंग यांच्याकडे तयार झाल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. मिल्खा सिंग यांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक होतं. आम्ही मुलांना हे अभिमानाने सांगतो. पण सावरपाड्यासारखे किती पाडे आहेत आणि तिथून किती जणी वर आल्या, हा हिशोब आम्ही करत नाही.

माझ्या स्वतःच्या हिशोबात एक जण आहे. नाव लिहीत नाही.

चार वर्षांपूर्वी ती माझ्याकडे चौथीत होती. अनवाणी धावायची. केंद्राच्या स्पर्धेत पहिली, तालुक्याला पहिली, आणि दोन्हीकडे दुसरी आलेली मुलगी बरीच मागे. तालुक्याला एक क्रीडा शिक्षक आले होते, दुसऱ्या भागातले. ते माझ्याजवळ आले आणि वही उघडून विचारायला लागले. हिची ३० मीटरची वेळ किती? गेल्या वर्षी किती होती? उंची किती वाढली वर्षात? जन्मतारीख काय?

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. उंची-वजनाची नोंद आरोग्य तपासणीच्या कार्डावर होती, ते कार्ड शाळेच्या कपाटात. वेळ तर मी कधी घेतलीच नव्हती. 'खूप पळते सर' एवढंच मी दोनदा सांगितलं. जन्मतारीख मात्र पाठ होती, कारण तेव्हा माझ्या वर्गातल्या २३ पैकी ११ जणांची तीच होती. १ जून.

शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. पालकांसाठी सांगते. घरी जन्मलेलं मूल, दाखला नाही, आईला तारीख आठवत नाही, आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत. मग रजिस्टरमध्ये १ जून लिहायचं. मीही लिहिलंय. त्या मुलीच्या आधार कार्डावर वेगळीच तारीख निघाली. निवड चाचणीला दोन्ही कागद जुळायला हवे होते. ते जुळवायला फेऱ्या मारेपर्यंत दिवाळी झाली, आणि दिवाळीनंतर तिचे आईवडील दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला गुजरातमध्ये गेले. लहान भावाला सांभाळायला ती पण गेली. चाचणी झाली तेव्हा ती बारडोलीकडे कुठल्यातरी उसाच्या फडावर होती.

यात मला कुणा कार्यालयाला दोष द्यायचा नाही. तारीख माझ्या हातची होती.

आणि १ जूनचा घोळ नुसता कागदाचा नाही. लहान वयाच्या चाचणीत सहा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. जी मुलगी खरं तर डिसेंबरमध्ये जन्मली, तिला आपण कागदावर सहा महिने मोठी करून ठेवतो आणि मग मोठ्या मुलींच्या गटात तिची उंची कमी पडते. पाय तिचे चांगले असतात, तारीख आमची वाईट असते.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. साधी शंभर पानी. वर्षातून दोनदा नोंद करते. एकदा दिवाळीच्या आधी, म्हणजे कुटुंबं बाहेर जायच्या आत, आणि एकदा जूनमध्ये, परत आल्यावर. मैदानावर फक्कीच्या दोन रेषा ३० मीटरवर. लांब उडीला टेप. उंच उडीला भिंतीवर खडूची खूण. ८०० मीटर मी लहानांना पळवत नाही. मेडिसिन बॉल आमच्याकडे नाही, त्याऐवजी काही वेगळं फेकायला लावून त्याचा आकडा मेडिसिन बॉलच्या रकान्यात लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून तो रकाना रिकामा. सगळ्या मुलांची नोंद घेते, फक्त पळणाऱ्यांची नाही. मूल शाळा सोडतं तेव्हा दाखल्याबरोबर त्या पानांची झेरॉक्स पालकाच्या हातात देते.

"मॅडम, अजून एक रजिस्टर?" असं माझे सहकारी म्हणतात. खरंय. ऑनलाइन माहिती भरता भरता आपला जीव जातो, आणि ही वही तर कुणी मागितलेलीही नाही. पण हीच एक नोंद आहे जी वर कुणाला पाठवायची नाही, ती त्या मुलाची आहे. अर्ध्या दिवसात होते आणि मुलांना मजा येते. आणखी एक आक्षेप मला स्वतःलाच आहे. आकडे लिहायला लागलो की मुलंही एकमेकांना आकड्यांनी चिडवायला लागतात. पहिल्या वर्षी ते झालं. आता मी वेळ मोठ्याने सांगत नाही, फक्त त्या मुलाला सांगते, आणि 'मागच्या वेळेपेक्षा किती' तेवढंच.

पालकांना एक विनंती. अमेरिकेतला प्रशिक्षक सतरा वर्षांच्या मुलीची चार वर्षांची मार्कशीट मागतो, तेव्हा ती कपाटातून निघते, कारण कुणीतरी सांभाळली. बाहेर कामाला जाताना मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा कागद एका पिशवीत घालून सोबत न्या. मूल ज्या आठवड्यात जन्मलं त्याची कुठे नोंद असेल, दवाखान्याचा कागद, आशाताईंचं रजिस्टर, तर आत्ताच शोधा. पुढे ते फार अवघड होतं. आणि जे निवड चाचण्यांच्या तारखा ठरवतात ते हे वाचत असतील तर, आमच्या भागातल्या चाचण्या दिवाळीच्या आधी उरकाव्यात. नंतर मैदानावर निम्मी मुलं नसतात.

ती मुलगी मागच्या आठवडी बाजारात भेटली. आता आठवीच्या वयाची आहे, धाकटा भाऊ हात धरून बरोबर. मला बघून हसली, म्हणाली, "मॅडम, अजून शर्यत असते का शाळेत?" म्हटलं, असते, ये. दुसऱ्या दिवशी खरंच आली. तीन वेळा पळवलं, तिन्ही वेळा वेळ घेतली. त्या शिक्षकांचा नंबर माझ्याकडे होता, त्यांना पाठवली. मोठ्या वयाच्या गटासाठी बघतो म्हणाले, पण जन्मतारीख पक्की करा.

तिच्या आईला विचारायला घरी गेले. तारीख तिला आठवत नाही. पण भात कापणी चालू होती एवढं तिला पक्कं आठवतं.